समोरासमोर

"या गिटारीतच खोट आहे!" टिल्लूकाका कडाडले. यंदा गणपतीत गिटारवर आरती वाजवणार, असं त्यांनी सोसायटीभर सांगून ठेवलं होतं. कार्यक्रम उद्यावर आला, तरी तारांतून पत्रा घासल्यासारखाच आवाज निघत होता.

निवृत्त झाल्यापासून ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकत होते. आरशात बघून दाढी करावी, तशी त्यांनी त्यातल्या मास्तरांची नक्कल केली होती. मास्तरांचा डावा हात समोरून उजवीकडे दिसे, म्हणून यांनी गिटारचा दांडा उजव्या हातात धरला. सगळंच उलटं बसलं.

"अहो, मी बघू का जरा?" रोज त्यांच्यासमोर बसून भाजी निवडणाऱ्या काकूंनी पदराला हात पुसले. काकांची बोटं बघून बघून त्यांना पाठ झाली होती. त्यांनीही आरशात बघावं तशीच नक्कल केली. दांडा आपसूक डाव्या हातात आला, उलट्याचं सुलट झालं आणि आरती खणखणीत वाजली.

दुसऱ्या दिवशी मांडवात टाळ्या थांबेनात. "काकू, कोणाकडे शिकलात?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काका घसा खाकरून उठले.

"त्याचं काय आहे, आमची शिकवण्याची पद्धतच वेगळी आहे."