लोहासुर पडल्यावर

"अरे सौमित्र, वैद्य पुरे झाला, आता धनुर्धर हो!" खेळाच्या हेल्मेटमधून मृण्मयी ओरडली. "आम्ही इथे मरतोय नि तू मलम लावत बसलायस!"

लोहासुर पुन्हा उठला होता. 'जुनं कसब मेंदूतून कायमचं पुसलं जाईल,' खेळाने बजावलं. सौमित्रने न वाचताच 'हो' दाबलं. नेमबाजी डोक्यात उतरली आणि दुसऱ्याच बाणाला लोहासुर आडवा झाला.

सकाळी अप्पांनी लकव्याने लुळा पडलेला हात नेहमीसारखा दुसऱ्या हाताने उचलून मुलापुढे केला. खेळात मिळालेल्या वैद्यकीने सौमित्र तो रोज चोळायचा. बोटं जराशी हलूही लागली होती. आज त्याने तेल घेतलं, मनगट धरलं, पण कुठली शीर कुठे दाबायची ते आठवेना. नजर सारखी खिडकीतल्या कावळ्यावर नेम धरत होती.

अप्पांनी तो हात उचलून हळूच मागे घेतला.

"जिंकलास वाटतं," ते म्हणाले.