निर्मलाबाईचं कुंकू

"तुह्याकडे पोरी येतात, त्यायचं नाव लिहून ठेवतेस का वं?" तुरीच्या शेंगा सोलता सोलता निर्मलाबाईने विचारलं.

साधना चप्पल घालत होती. तालुक्याच्या दवाखान्यात ती वयात आलेल्या मुलामुलींची समुपदेशक होती.

"बाहेर नाव जात नाही. दार लावूनच बोलतो आम्ही. घरच्यायलेही सांगत नाही."

"घरच्यायलेही?" आई हसली. "मंग तं मायबाप तुह्या नावानं बोटं मोडत असतीन!"

"मोडू दे."

"बरं करतेस बाई."

ओसरीवर साधनाचे वडील, लक्ष्मणराव, पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

एकोणीस वर्षं ते बायकोशी बोलले नव्हते. त्यांचं ताट त्यांची बहीण ललिताबाई वाढायची. अबोला सुरू झाला त्या वर्षी ते आठ महिने सुरतेला कामावर होते. परतले त्याच दिवशी एका खासगी दवाखान्याचा कंपाउंडर पवनीच्या बसस्टँडवर भेटला.

"वहिनी येऊन गेल्या आमच्याकडे," तो हसत म्हणाला. "रजिस्टरात नाव पाहिलं अन् ओळखलं. दिवस गेले का, ते तपासाले. काही निघालं नाही म्हणा."

घरी येऊन लक्ष्मणरावांनी विचारलं. निर्मलाबाई थोडा वेळ तव्याकडे पाहत राहिली. पोळी करपली.

"हो," ती म्हणाली. "गेली होती मी."

त्यापुढे तिने कधीच काही सांगितलं नाही. साधना तेव्हा बारावीत होती. तिने पुस्तकातून मान वर काढली नाही.

गावाने निर्मलाबाईला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. साधना मात्र शिकली, नोकरीला लागली. बंद दाराच्या बाबतीत ती एवढी काटेकोर का, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. मायचे हाल पाहिले पोरीनं, लोक म्हणत.

दुपारी दवाखान्यात फोन आला. आईच्या छातीत कळ आली होती. साधना पोचली तेव्हा बायकांनी आईला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला शेवटचं कुंकू नवऱ्याने लावायचं. ललिताबाईने करंडा पुढे केला.

"लाव दादा. अहेव गेली थे."

लक्ष्मणराव जागचे हलले नाहीत.

"मेल्यावर तरी सोड ना रे!"

"ज्याच्यापायी दवाखान्यात गेली, त्याले बोलवा. थो लावंन."

अंगणातलं रडणं थांबलं. कुणीतरी खाकरलं. ललिताबाई साधनाकडे वळली.

"तू तं सांग बापाले. तुहं ऐकते थो."

सगळा गाव तिच्याकडे पाहत होता. साधनाने आईचा पाय धरला. तो थंड होता.

"बाबा, आई नव्हती गेली," ती म्हणाली. "आईचं नाव सांगून मी गेली होती."