रविवारचा निरोप

नवा सर्व्हर तिसऱ्यांदा आपटला, तेव्हा त्याने आधीच्या प्रोग्रामरच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली.

चाळीस वृद्धाश्रमांतल्या खोल्यांत दर रविवारी चार वाजता घरच्यांचे निरोप पडद्यावर दिसत, ते या अ‍ॅप्लिकेशनमुळे. जुन्या जावा सर्व्हरची मुदत आज संपत होती, आणि नव्या सर्व्हरला जुन्या कोडमधली निम्मी नावं चालत नव्हती. चारच्या आत सगळं नव्यावर चढलं नाही, तर चाळीस ठिकाणी पडदे कोरे राहणार होते.

आणि कोड तरी कसला! फाइल उघडावी आणि नाक दाबावं. एकच काम चार ठिकाणी चिकटवलेलं, झालेल्या चुका गुपचूप गिळून टाकलेल्या. त्याला शिसारी आली.

बायको चहा ठेवून म्हणाली, "आज रविवार आहे, लक्षात आहे ना? महिनाभर नुसतं करतो, करतो ऐकतेय."

"एवढं संपू दे गं."

अडीचला ती फाइल सापडली, जिच्यापाशी सर्व्हर अडत होता. आठवडाभरात घरून काही आलं नाही, तर ही फाइल स्वतःच मुलाच्या नावाने निरोप पाठवायची. सात निरोप, आलटून पालटून. 'कामात अडकलोय. पुढच्या रविवारी नक्की येतो. गोळ्या वेळेवर घे.'

त्याने तडक टीमच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ही म्हाताऱ्या माणसांची शुद्ध फसवणूक आहे. किळस आली मला."

"माहितीये मला. कोडमधली नावं बदल आणि राहू दे."

"ही घाण मी नव्या सर्व्हरवर नेणार नाही. पोरांना दोन ओळी लिहायला होत नाहीत, आणि त्यांची पापं आपण झाकायची?"

"काढ मग. तुझ्या जबाबदारीवर."

त्याने फाइल उडवली. सर्व्हर पहिल्या फटक्यात उठला. चारला निरोप गेले, एकही चूक नाही. महिन्याभरात प्रथमच त्याला स्वच्छ वाटलं.

साडेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार, आश्रमातून नर्स बोलतेय. अकरा नंबरच्या आजी अर्धा तास पडद्यासमोर बसून आहेत. दर रविवारी मुलाचा निरोप येतो, आज आलाच नाही. जागच्या हलत नाहीयेत."

आलीच पहिली तक्रार! तो वैतागला.

"बाई, सर्व्हर ठणठणीत आहे. मुलाने लिहिलंच नसेल. त्यालाच फोन करून चांगलं झापा की!"

"त्यालाच तर केलाय हा फोन, दादा."