सेलेपाची चटई

सेलेपाच्या लग्नाची बस दारात घरघरत उभी होती आणि आहेराची चटई अजून धाकट्या फेतूच्या मांडीवरच होती. साऱ्या सामोआत कुठल्याच आईने मुलीला चटईशिवाय सासरी धाडलेलं नाही. राहिली होती एकच ओळ.

केवड्याच्या पानाच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या. फेतू कित्येक महिने त्यांत बुडालेली. भूक लागलेली तिला कळत नसे; तिची आई लागी कोपराला हात लावायची, मग ती तोंड उघडायची.

"नर्स म्हणते, स्वमग्न मुलांचं लक्ष असं एकाच कामात मुरतं. म्हणून अशी चटई होते," लागी म्हणाली.

"नुसत्या लक्षाने होतं होय!" पेलेमावशी फणकारली. गावातल्या विणणाऱ्या बायकांची ती म्होरकी. "माझा नवरा जन्मभर समुद्राकडे टक लावून बसलाय. एक मासा तरी आणलाय का मेल्याने? इथे घराचं नाक कापलं जायची वेळ आलीय. सरक गं, मी संपवते."

लागीने तिचा हात धरला. "ताई, तिच्या कामाला हात नको."

फेतूने ओळ पुरी केली. जमलेल्या बायका हुश्श करतात तोच तिने ती सरसर उसवली. पुन्हा विणली. पुन्हा उसवली.

पेलेमावशीने चष्मा चढवून वाकून पाहिलं होतं. "चूक तर काहीच नव्हती गं," ती हळूच म्हणाली.

शेवटी सेलेपाच बसमधून उतरून आत आली. पांढरा झगा सावरत बहिणीशेजारी जमिनीवर बसली.

"फेतू, ओळ बरोबर होती ना?"

"हो."

"मग उसवलीस का?"

"संपली की तू जाणार."

लागीने तोंड फिरवलं. तिला रडू आवरेना.

"मी विणू?" सेलेपाने विचारलं. तिला विणकाम कधीच जमलं नव्हतं. मावशीने तिला केव्हाच चुलीकडे हाकललं होतं.

फेतूने आजवर कुणाला पट्टीला बोट लावू दिलं नव्हतं. आता तिने चटईचा काठ सेलेपाच्या मांडीवर सरकवला.

सेलेपाने ओळ विणली. पार वाकडीतिकडी. ती सरळ करायला मावशीचा हात आपसूक पुढे गेला.

फेतूने तो बाजूला सारला आणि चटईची घडी घातली.