शेजारच्या खोलीतली हाक

प्लेगची साथ जरा ओसरली आणि फणसवाडीतल्या घरमालकाने भाडं दुप्पट केलं. चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून उठली. शेजारची भिकूबाई कोळीण शीवला गेली, त्याला महिना झाला होता. तरी तिच्या रिकाम्या खोलीतून रोज सकाळी हाक यायची, "गुणवंते, विस्तव दे गो."

गुणवंती धावत जाऊन डोकवायची. आत चूलसुद्धा उरली नव्हती.

आज तिचंही सामान खटाऱ्यावर चढलं. "चल गं, परळ लांब आहे," नवरा विठोबा म्हणाला. तिने दाराला कुलूप घातलं, डोळे पुसले आणि ती जिन्याकडे वळली.

तेवढ्यात भिकूबाईची हाक आली. आणि कुलूप घातलेल्या खोलीतून गुणवंतीच्याच आवाजात उत्तर आलं, "आणते हं, भिकूबाई!"

"आत कोण बोललं?" विठोबाने विचारलं.

गुणवंतीने तोंड उघडलं. आवाज फुटेना.