दोन बोटांची फट

तुम्ही भित्रे आहात, मालक. गरोदरपण तपासायला कायद्याने बंदी आली, तेव्हा तुम्ही आमची पोटं चाचपायला लावलीत. 'लेकुरवाळ्यांना काम नाही' असं तोंडाने म्हणायची मात्र हिंमत नाही.

शिवणखात्याचा करार दरवर्षी नवा होतो, त्याआधी ही तपासणी. मी टेबलावर उताणी पडले होते. नर्स नोहेलियाबाईंनी माझ्या बेंबीवर दोन बोटं टेकवली.

"मुलं किती?"

"एकही नाही."

"मग डोकं उचल. उचल गं सुयापा, मान मोडत नाही!"

उचललं. पोटाचे दोन्ही उभे स्नायू ताठ झाले आणि त्यांच्यामधल्या सैल पडद्यात बाईंची बोटं पेरभर खचली.

"ही फट काय मक्याच्या तोर्तिया खाऊन पडली?"

मी सदरा पोटावर ओढला.

आम्ही होंडुरासच्या बायका बाळंतपणानंतर चाळीस दिवस पोट आवळून निजतो, मग ते सांधतं. मी बाळंतपण लपवून तापाची रजा मागितली. तुम्ही बारा दिवस दिलेत. तेराव्या दिवशी मी तुमच्या मशीनवर बसले होते.

फट माझ्या पोरीने पाडली, कबूल. ती सांधू कोणी दिली नाही, ते तुम्ही सांगा.