तरवडाची माळ

"फवारायचं तर आधी माझ्यावर फवारा, आत्याबाई." मी अंगणातल्या तरवडाच्या झुडपापुढे उभी राहिले.

सासूबाईंच्या पाठीवर औषधाचा पंप होता. अळ्यांनी पानांची चाळण केली होती आणि नवरात्र पंधरा दिवसांवर आलं होतं. आमच्या कोरड्या माणदेशात घटाला माळ लागते ती तरवडाच्या पिवळ्या फुलांचीच.

"फुलं गेल्यावर देवीला काय घालू? तुझ्या अळ्या?"

"त्यांचीच फुलपाखरं होतात. रानातला सगळा पाला वाळलाय. त्यांनी जायचं कुठं?"

त्यांनी पंप आपटला आणि माझ्याशी अबोला धरला.

घटस्थापनेच्या सकाळी त्या परडी घेऊन झुडपापाशी गेल्या. कुरतडलेल्या फांद्या फुलल्या होत्या आणि फुलाफुलावर फिकट पिवळी फुलपाखरं बसली होती. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. रिकामी परडी घेऊन त्या आत आल्या.

"माळ?" मी विचारलं.

त्यांनी देवघरापुढं तयार ठेवलेला घट उचलला, अंगणात नेला आणि झुडपाखाली मांडला.

"यंदा देवी हितंच बसंल," त्या म्हणाल्या. "एक फूल तोडायचं न्हाई कुणी."